आधी सिझर झालंय, आता कळा आणायच्या आहेत : कुठून सुरुवात करायची

"कळा आपोआप आल्या तर ठीक, नाहीतर सिझर." पहिलं मूल सिझरने झालेल्या बाईला दिवस भरत आले की हे वाक्य कुठे ना कुठे ऐकायला मिळतंच. त्यात दोनच वाटा दिसतात. मधली एक वाट असते: कळा आणायच्या, पण बेताबेताने. ती प्रत्येकीला खुली नसते, आणि गर्भपिशवीवर टाके नसलेल्या बाईला जे उपाय सर्रास देतात ते सगळे इथे चालतही नाहीत.

मी लेबर रूममध्ये नर्स आहे. कळा आणण्यासाठी दाखल झालेली बाई बहुतेकदा पहिल्यांदा विचारते, "किती वेळ लागेल?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: "जे देणार आहात, ते गरज पडल्यास काढता किंवा बंद करता येईल का?" जुने टाके असलेल्या पिशवीच्या बाबतीत उपायांची निवड बरीचशी याच प्रश्नाभोवती फिरते. निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच व्हायचा आहे. त्या बोलण्याला बसताना हाताशी काय असावं, ते इथे सांगते.

आधी धोका नेमका केवढा, ते

भीती असते ती जुना व्रण कळांच्या ताणाने उसवण्याची. पिशवीच्या खालच्या भागावर एकच आडवा छेद असेल आणि कळा आपोआप आल्या असतील, तर असं साधारण दोनशे बायकांत एकीला होतं. कळा आणल्या किंवा औषधाने वाढवल्या, तर हे प्रमाण दुप्पट-तिपटीपर्यंत जातं, असं ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांची मार्गदर्शिका सांगते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आपोआप कळा आलेल्यांमध्ये ०.४ टक्के, तर कळा आणलेल्यांमध्ये १ टक्का असं प्रमाण निघालं. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना हे होत नाही. पण जिला होतं, तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. दोन्ही वाक्यं एकदमच लक्षात ठेवायची आहेत. एकच धरलं की माणूस एक तर घाबरून बसतो, नाहीतर बेफिकीर होतो.

आणखी एक गोष्ट आकडे वाचताना निसटते. कळा आणण्याची तुलना आपोआप आलेल्या कळांशी केली जाते. पण आज कळा आल्याच नाहीत, तर "आज आपोआप कळा" हा पर्याय तुमच्यापुढे नसतोच. तुमच्यापुढे असतात ते तीन: थांबणं, कळा आणणं, किंवा ठरवून सिझर. तुलना या तिघांत करा.

पायरी पहिली : जुन्या ऑपरेशनचा कागद शोधा

डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनची नोंद. पोटावरची खूण पाहून आतलं काही कळत नाही. कातडीवर बिकिनी लाइनला सुरेख आडवी रेघ असते आणि आत पिशवीवर उभा छेद असतो, असंही होतं. त्या कागदात शोधायचं ते एवढंच: पिशवीवर छेद कुठे आणि कसा घेतला.

खालच्या भागातला आडवा छेद असेल तर पुढे बोलता येतं. वरच्या जाड भागापर्यंत गेलेला उभा छेद असेल, उलट्या टी अक्षरासारखा छेद असेल किंवा पिशवी पूर्वी कधी फाटली असेल, तर कळा आणण्याचा विषय तिथेच संपतो. ठरवून सिझर हाच मार्ग. पिशवीतली फायब्रॉइडची गाठ काढलेली असेल तर त्या ऑपरेशनचाही कागद लागेल. आणि वार पिशवीच्या तोंडावर असेल, तर टाके असोत-नसोत, नॉर्मलचा विचारच नाही.

कागद मिळालाच नाही तर? मग आठवणींतून माग काढतात. दिवस भरल्यावर, बाळ डोक्याकडून किंवा पायाळू असताना सिझर झालं असेल, तर छेद बहुधा आडवाच असतो. सातव्या महिन्याच्या आसपास किंवा त्याआधी, घाईघाईने, बाळ आडवं असताना झालं असेल, तर उभ्या छेदाची शंका घ्यावी लागते.

सिझर का झालं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. पायाळू होतं म्हणून झालं असेल तर ते कारण या खेपेला नाही; कळा येऊनही बाळ पुढे सरकलं नाही म्हणून झालं असेल, तर यशाची शक्यता थोडी उतरते. मधलं अंतरही मोजा. मागच्या बाळंतपणापासून या बाळंतपणापर्यंत दीड वर्षही झालं नसेल, तर टाके उसवण्याचा धोका वाढतो, आणि कळा आणण्याबद्दल डॉक्टर जास्त हात राखून बोलतील. ते योग्यच आहे. उलट, सिझरच्या आधी किंवा नंतर एकदा जरी नॉर्मल बाळंतपण झालं असेल, तर ते बाकी सगळ्यापेक्षा मोठं पुण्य म्हणायचं.

सोनोग्राफीत व्रणाची जाडी मोजून देतात. ती जाडी अमुक मिलिमीटर असली की निर्धास्त, अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेषा नाही. त्या एका आकड्यावरून कोणी तुम्हाला घाबरवलं किंवा आश्वस्त केलं, तर बाकीचं चित्रही विचारा.

पायरी दुसरी : कळा का आणायच्या, आणि आजच का

योग्य कारणं ठरलेली आहेत. ४१ आठवडे उलटले. पाणी गेलं पण कळा नाहीत. रक्तदाब चढतोय. साखर आटोक्यात नाही. बाळाची वाढ मंदावली. यांत थांबण्याचाही धोका असतो, म्हणून कळा आणण्याचा धोका पत्करण्यात अर्थ असतो.

"बाळ मोठं वाटतंय" या कारणावर मात्र दोन प्रश्न जास्त विचारा. शेवटच्या दिवसांतलं सोनोग्राफीचं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं. आणि तारीख उलटल्याचं सांगितलं, तर तारीख पाळीवरून धरलीय की पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून, ते बघा. पाळी अनियमित असलेल्या बाईची "उलटलेली" तारीख कधी कधी आठवड्याने पुढे सरकते आणि सगळी घाईच संपते.

घाई नसेल, तर बाळाचे ठोके आणि पाणी तपासत ४१ आठवड्यांपर्यंत वाट बघणं हाही उपायच आहे. त्या मुदतीत कळा आपोआप आल्या तर सगळ्यात स्वस्तात सुटलात.

पायरी तिसरी : जागा

इथे मी हट्टी आहे. जुने टाके असताना कळा आणायच्या त्या ऑपरेशन थिएटर, भूल देणारे डॉक्टर, रक्त आणि बाळाचे डॉक्टर ताबडतोब हाताशी असतील अशाच ठिकाणी. "बोलावले की येतात" हे उत्तर पुरेसं नाही. किती मिनिटांत येतात, रात्री कोण असतं, हे विचारा. टाके उसवले तर हाती असतात ती मिनिटंच.

पायरी चौथी : पिशवीचं तोंड तयार आहे का

कळा आणणं हे एक काम वाटतं, पण ती दोन कामं आहेत. आधी पिशवीचं तोंड मऊ होऊन थोडं उघडायला हवं, मग कळा. तोंड बंद आणि कडक असताना नुसत्या कळा मागे लावल्या, तर पिशवी बंद दारावर धडका देत राहते, आणि ताण सगळा जुन्या व्रणावर येतो.

तयारी मोजायला आतून तपासणी करतात आणि गुण देतात. एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडलेली ही पद्धत आजही चालते: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ, पुढे आलंय की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली. एकूण १३ गुण. ८ किंवा जास्त म्हणजे तोंड तयार. ६ किंवा कमी म्हणजे आधी ते तयार करायला हवं. शिकाऊ मुलींना मी सांगते, स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबून बघा, मग ओठ दाबून बघा. नाकासारखं लागलं तर तयार नाही, ओठासारखं लागलं तर तयार. तपासणी झाली की "किती गुण?" असं सरळ विचारा. "दोन बोटं आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. दोन बोटं कडक आणि दोन बोटं लोण्यासारखं मऊ, यात दिवसाचा फरक पडतो.

पायरी पाचवी : उपाय, एकेक करून

*बोट फिरवणं.* आतून तपासताना डॉक्टर तोंडाच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाण्याची पिशवी कडेने सुटी करतात. औषध नाही, दाखल व्हायला नको. दुखतं, नंतर थोडा लालसर स्राव जातो, पोटात गोळे येतात आणि कधी कधी काहीच होत नाही. तोंड थोडं तरी उघडलेलं असावं लागतं. ३९ आठवड्यांनंतर यापासून सुरुवात करणं मला बरं वाटतं. अर्थात तुमची संमती घेऊनच. तपासता तपासता न सांगता केलेलं चालवून घेऊ नका.

*फुगा.* तोंड तयार नसेल तेव्हा जुने टाके असलेल्या बाईसाठी बहुतेक ठिकाणी पहिली पसंती याला असते. लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी, फोलीज कॅथेटर. ती तोंडातून आत सरकवतात आणि टोकाचा फुगा ३० ते ६० मिलिलिटर पाण्याने फुगवतात. दोन फुग्यांची खास नळीही मिळते. घालताना पाळीच्या दिवसांसारखी, जरा जोराची कळ येते. पाच-दहा मिनिटं वाईट, मग सवय होते. नळीचं बाहेरचं टोक मांडीला चिकटपट्टीने लावून ठेवतात. बाई उठते, फिरते, संडासला जाते. आणि बहुतेक वेळा संडासातच, किंचित जोर केल्यावर, काहीतरी "सटकल्यासारखं" होऊन फुगा बाहेर येतो. घाबरून हाक मारणाऱ्या बाईला मी पेढे वाटायचे ते इथेच वाटून टाका म्हणते, कारण फुगा आपणहून पडला याचा अर्थ तोंड साधारण तीन सेंटिमीटर उघडलं. बारा तासांत नाही पडला तर काढून पुन्हा तपासतात.

फुग्याचा मोठा गुण असा की तो दाबाने काम करतो, कळांवर थेट जोर लावत नाही. नको वाटला तर पाणी काढलं की मिनिटभरात बाहेर. माझा पहिला प्रश्न इथे पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो. वार खाली असेल तर फुगा नको. पाणी आधीच गेलं असेल तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

*पाणी फोडणं.* तोंड उघडलंय, डोकं खाली घट्ट बसलंय, तर पाण्याची पिशवी टोचून फोडतात. त्याने कळा जोर धरतात. डोकं वर तरंगत असताना फोडली तर नाळ खाली घसरण्याची भीती असते, म्हणून त्या वेळी थांबलेलं बरं. हे परत घेता येत नाही हेही ध्यानात ठेवा: एकदा फोडलं की घड्याळ सुरू.

*ड्रिप.* ऑक्सिटोसिन, म्हणजे "कळांचं सलाईन". जुने टाके असताना हे देता येतं, पण पंपावरच. थेंब डोळ्यांनी मोजून सोडलेलं सलाईन मला इथे मान्य नाही. मिनिटाला १-२ मिलियुनिटपासून सुरू करून साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने चढवतात. दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा हे ध्येय. पाचाच्या वर गेल्या तर डोस कमी करायचा किंवा बंद. जास्त डोसबरोबर टाके उसवण्याचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलं आहे. मिनिटाला २० मिलियुनिटच्या वर जाण्याआधी बरेच डॉक्टर थांबून पुन्हा विचार करतात. तुमच्याकडे वरची मर्यादा काय, ते आधीच विचारून ठेवा. ड्रिपचाही गुण तोच: बंद केली की काही मिनिटांत तिचा जोर ओसरू लागतो.

*प्रोस्टाग्लँडिन.* इथे देशोदेशी मतं फाटतात. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे तोंड मऊ करणारी आणि कळाही आणणारी औषधं; त्यांतल्या डिनोप्रोस्टोनचं जेल किंवा योनीत ठेवायची पट्टी मिळते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वीस हजारांहून जास्त बायकांच्या नोंदींवरचा अभ्यास २००१ साली आला. त्यात प्रोस्टाग्लँडिनने कळा आणलेल्यांमध्ये टाके उसवण्याचं प्रमाण हजारात २४.५, प्रोस्टाग्लँडिनशिवाय आणलेल्यांमध्ये ७.७ आणि आपोआप आलेल्यांमध्ये ५.२ निघालं. तो दवाखान्यांच्या नोंदींवर बेतलेला होता, आणि नंतरच्या अभ्यासात फरक इतका मोठा दिसला नाही. पण तेव्हापासून सगळ्यांचा हात आखडला तो आखडलाच. काही ठिकाणी वरिष्ठ डॉक्टरांच्या निर्णयाने अजूनही वापरतात. सुचवलं तर पट्टी की जेल ते विचारा. पट्टीला दोरी असते, ओढून काढता येते. जेल आत पसरलं की पसरलं. आणि त्याच्या मागोमाग ड्रिप लावायचा बेत असेल, तर सावध व्हा; ही जोडी बहुतेक डॉक्टर टाळतात.

*मिसोप्रोस्टॉल.* नाही. पिशवीवर टाके असताना, दिवस भरलेल्या बाईला, कळा आणायला ही गोळी नको. टाके नसलेल्या बाईसाठी ती उत्तम आहे, म्हणूनच लेबर रूमच्या कपाटात असते आणि चुकीने हाती लागण्याची भीती असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सतरा बायकांपैकी दोघींचे जुने टाके उसवल्यावर चाचणीच थांबवावी लागली. गोळी विरघळली की बाहेर काढायला काही उरत नाही. कोणतीही गोळी हातात आली तर नाव विचारा, आणि "माझं आधीचं सिझर आहे" हे प्रत्येक पाळीच्या नर्सला सांगा, आम्हाला कितीही कंटाळा आलेला दिसला तरी.

*घरगुती.* एरंडेल पिऊन जुलाब, पोटात मुरडा आणि दमछाक होते. कळांचा भरवसा नाही. दिवसभर जुलाब होऊन सुकलेल्या बाईला रात्री कळा सोसायला लावणं बघवत नाही. काढे आणि पुड्यांबद्दलही तेच: आत काय, किती, हे कोणाला माहीत नसतं आणि बंद करता येत नाही. चाला, झोपा, जेवा.

पायरी सहावी : त्या दिवशी

दाखल झाल्यावर हाताला सुई लावून ठेवतात, रक्तगट आणि रक्ताची सोय तपासतात. कळा सुरू झाल्या की पोटावर पट्टा, आणि बाळाचे ठोके सतत कागदावर. पट्ट्याला बायका वैतागतात, मला कळतं. पण टाके उसवू लागल्याची पहिली चाहूल बहुतेक वेळा पोटात नव्हे, त्या कागदावरच्या ठोक्यांत दिसते. उभं राहता येतं, बॉलवर बसता येतं. पट्टा सरकला तर सांगा, नीट करून देऊ.

एपिड्युरल, म्हणजे कळा कमी दुखाव्यात म्हणून पाठीत देतात ती भूल, घेता येतं. त्याने टाक्यांचं दुखणं झाकलं जाईल म्हणून नाकारायचं, ही जुनी समजूत. मात्र एपिड्युरल असताना दुखणं फोडून वर येऊ लागलं, तर ताबडतोब सांगा.

हे ओळखायला शिका आणि सोबत बसणाऱ्या माणसालाही शिकवा: दोन कळांच्या मधेही न थांबणारं दुखणं, जुन्या व्रणाच्या जागी फाटल्यासारखी कळ, खांद्याच्या टोकाला अचानक दुखणं, अंगावरून ताजं रक्त, लघवीत रक्त, येत असलेल्या कळा एकाएकी थांबणं, चक्कर, छातीत धडधड, बाळ वर सरकल्यासारखं वाटणं. यांपैकी एकाही गोष्टीला "बघू पुढच्या तपासणीला" असं उत्तर मिळालं, तर आवाज चढवा.

पायरी सातवी : कुठे थांबायचं, ते सुरू करण्याआधी ठरवा

सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण ६० ते ८० टक्के बायकांना यश मिळतं. आधी नॉर्मल बाळंतपण झालेल्यांना ८५ ते ९० टक्के. कळा आणल्या की शक्यता थोडी घटते. नॉर्मल कधीच झालेलं नाही, मागचं सिझर बाळ अडकल्याने झालेलं, वजन जास्त आणि वर कळा आणलेल्या, असं सगळं एकत्र आलं तर ती ४० टक्क्यांवर येते. काही डॉक्टर गणकयंत्रावर तुमचा अंदाज काढून दाखवतात. अमेरिकेतलं गाजलेलं गणकयंत्र २०२१ साली बदललं आणि त्यातून वंशाचा रकाना काढून टाकला. तुमच्यापुढे जुनं तर नाही ना, विचारायला हरकत नाही.

हे आकडे एवढ्यासाठी की नॉर्मल, ठरवून सिझर आणि घाईतलं सिझर या तिन्ही शेवटांत सगळ्यात जड जातो तो कळा सोसून अखेर घाईत झालेला सिझर. रक्तस्राव, ताप, जंतुसंसर्ग यांचं प्रमाण ठरवून केलेल्या सिझरपेक्षा त्यात जास्त. म्हणून आधी बसून लिहून काढा: फुगा पडला नाही तर पुढे काय? चांगल्या कळा असताना किती तासांनी तपासणार? काही बदल नसेल तर किती वेळ थांबणार? एका बाईने हे प्रश्न फाइलच्या मागच्या पानावर लिहून डॉक्टरांकडून उत्तरं घेतली होती. फुगा काढला, ड्रिप झाली, तोंड चार सेंटिमीटरवर अडलं. तिने ते पान उलटवलं, वाचलं, आणि "चला" म्हणाली. नंतर दोन दिवसांनी ती माझ्याशी मुलाच्या नाकाबद्दल बोलत होती, सिझरबद्दल नाही.

कुटुंबात आणखी मुलं हवी असतील, तर तेही या बोलण्यात आणा. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार व्रणात रुतून बसण्याचा धोका चढत जातो. दुसरं शेवटचं असेल तर त्या गोष्टीचं वजन कमी.

पायरी आठवी : नंतर

नॉर्मल झालं तरी पहिले काही तास नाडी, रक्तदाब आणि रक्तस्रावावर नजर ठेवतात. व्रण चाचपायला हात आत घालण्याची मात्र सरसकट गरज नसते. घरी जाण्याआधी कागद मागून घ्या. कळा कशाने आणल्या, फुगा किती तास होता, ड्रिपचा जास्तीत जास्त डोस किती, तोंड किती उघडलं होतं. सिझर झालं असेल तर पिशवीवरचा छेद आडवा की वर वाढवावा लागला, हे स्पष्ट अक्षरात लिहून मागा. त्या कागदाचा फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. मूळ कागद कपाटात कुठे जातात ते मला आजवर कळलेलं नाही.